शांतम्मा फोटोला बसल्या

मोबाइल आल्यापासून पालमच्या भुजंगवर स्टुडिओत माशा मारायची पाळी आली होती. मयताच्या फोटोला मात्र अजून त्यालाच बोलावणं यायचं. त्यातही लिंगायतांच्या घरचं काम त्याला मनापासून आवडे. तिथं वारलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. भिंतीशी मांडी घालून बसवतात, कपाळभर विभूती लावतात, हार घालतात. मग घरचे शेजारी बसतात आणि फोटो निघतो.

आज शांतम्मा गेल्या होत्या. साठ वर्षांच्या संसारात बाईनं एकही धड फोटो काढू दिला नव्हता. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर. आधार कार्डावरचा तेवढा होता, पण त्यात त्यांचा भाऊच बसल्यासारखा वाटायचा.

"एकच काढ बाबा, दोघांचा," त्यांचे यजमान चन्नबसप्पा म्हणाले. "मातीला न्यायच्या आत. मंग मला तिचं तोंड कुठं दिसायलंय?"

म्हातारा बायकोला खेटून घोंगडीवर बसला. भुजंगनं फोटो काढून कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिला. शांतम्मांचा पदर कपाळावर उतरलेला. त्यानं मान वर केली. समोर पदर जागच्या जागी होता, लेकीनं, रुद्राणीनं, पीन लावून बसवलेला.

त्यानं पंखा बंद करायला लावला, काच पुसली, पुन्हा काढला. फोटोत पदर नाकापर्यंत आला.

तिसऱ्यात हनुवटीपर्यंत.

रुद्राणीनं पडदा पाहिला. रडता रडता तिला हसू फुटलं. "जित्ती असताना बी अशीच करायची!"

"माणसं हायेत म्हणून लाजायलीय," म्हातारा म्हणाला. "तुमी समदे भाईर व्हा."

भुजंगचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. कॅमेराच बिघडला असणार. तरी म्हाताऱ्याचं मन मोडवेना. त्यानं कॅमेरा स्टँडवर लावला, एका फोटोचा टायमर लावला, बाहेर येऊन दार ओढलं.

आतून आवाज आला. "रुद्राणीचे माय, माझ्यासाठी तरी बघ की."

खट्ट.

म्हातारा हसला. खळखळून, पोरासारखा.

मग पुन्हा खट्ट.

भुजंगनं दार ढकललं. दोघंही आपापल्या जागी होते. शांतम्मांचे डोळे मिटलेले, हार गळ्यात. म्हातारा उपरण्यानं डोळे टिपत होता.

भुजंगनं पडदा पाहिला. पदर केसांवर. शांतम्मांचे डोळे उघडे, किंचित लाजलेले. चेहरा फार गोड. त्यानं मान वर करून पाहिलं. समोर डोळे मिटलेलेच होते.

"आला का रं?"

"आलाय, आप्पा. लय गोड आलाय."

"अन् दुसरा?"

त्यानं बटण दाबलं. दुसरा जरा वाकडा आला होता, कॅमेरा कधी न धरलेल्या माणसानं काढावा तसा. त्यात चन्नबसप्पा एकटेच होते, कॅमेऱ्याकडे बघून हसणारे. शेजारी रिकामी घोंगडी, आणि तिच्यावर काढून नीट ठेवलेला हार.