साय काढलेलं दूध

स्कूटर पंक्चर झाली नसती, तर विहंग लकडगंजच्या त्या दुकानात शिरलाच नसता.

"साय काढलेलं दूध आहे?"

काउंटरमागच्या हर्षानं हातातलं माप थांबवलं. तिच्या वडिलांच्या, रुपरावांच्या म्हशींचं दूध रोज सकाळी खापा गावाहून यायचं. लोक त्या दुधावर जाड साय येते म्हणूनच तिथे येत.

"पातळ दूध इथं भेटत नाही जी. पाणी टाकाचं असंल तर घरी टाका."

"पाणी नकोय. बाबांना स्टेंट बसवलाय, डॉक्टरांनी साय बंद सांगितली. पण चहा काही सुटत नाही..."

हर्षानं माप खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी स्कूटर ठीक होती, तरी विहंग तिथेच आला. वेगळी बरणी तयार होती. मशीनवर साय काढलेल्या दुधाची.

"ही बाबासाठी," ती म्हणाली. "तुमाले कोनं मना केलं? तुमी सायीचं प्या. हडकुळे तर दिसून राहिले."

मग रोज दोन बरण्या. एक बाबांची, एक त्याची. आणि रोज पाच मिनिटं जास्त.

महिन्याभरानं दुकानाशेजारच्या पुष्पलताकाकूंची नजर बाबांच्या बरणीवर गेली.

"इतकं निळसर दूध? रुपरावची पोरगी पाणी टाकून राहिली काय वं?"

दुकानातली आठ-दहा माणसं वळली. रुपरावांनी तीस वर्षं जपलेलं नाव... विहंग पुढे झाला. "काकू, ते माझ्या—"

"थांबा जी," हर्षानं त्याला अडवलं. "माह्या दुधाचं मी सांगतो."

तिनं उभ्या भांड्यात आधी सायीचं दूध ओतलं, त्यात दुधातलं पाणी ओळखणारा लॅक्टोमीटर सोडला. कुठवर बुडतो ते सगळ्यांना दाखवलं. मग बरणीतलं दूध. लॅक्टोमीटर वर आला, पहिल्यापेक्षा वर.

"पाणी असतं, तर खाली गेला असता काकू. साय काढली का दूध जड होते."

काकूंनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं.

"मंग आमच्या घरच्यालेही देजो एक लिटर. त्याचं पोट सुटून राहिलं."

सगळे हसले. हर्षा हसली नाही. ताठ उभी राहिली. विहंगला ती इतकी सुंदर कधीच दिसली नव्हती.

गर्दी सरल्यावर तिनं एक डबा पुढे केला. ताजं, रवाळ तूप.

"तुमच्या दुधाच्या सायीचं. दुसऱ्याची साय आमी ठेवत नाही."

"बाबांना चालत नाही, मी एकटा किती खाणार?" तो अडखळला. "घरात तिसरं कोणी हवं... म्हणजे... तू."

तिचे कान लाल झाले.

"रविवारी खाप्याले या. माह्या बाबाले विचारा."

"आणि तुला? तुला कधी विचारू?"

हर्षानं मान वर केली.

"या दुकानात कोनासाठी थेंबभर साय काढली नव्हती मी. तुमच्यासाठी रोज काढून राहिली. आनखी काय सांगू जी?"