सात-ए अजून आत आहे

कोणी हसलं तरी चालेल, पण यातलं एकही वाक्य वाढवून सांगितलेलं नाही. हे रुचिता मेश्रामच्या बाबतीत घडलं. रुचिता पदार्थविज्ञान शिकलेली. तापमापक दाखवेल तेवढंच सांगणारी बाई.

गेल्या वर्षीचा मे महिना. रायपूरजवळ, बीरगांवच्या पुढे, लोखंडाचा एक कारखाना.

रात्र नव्हती. भर दुपार होती...

त्या कारखान्याच्या फाटकावर एक मोठा टीव्ही आहे. भट्टीच्या शेडमध्ये कोण आहे, ते त्यावर दिसतं. दारातल्या यंत्राला बिल्ला लावला की टीं वाजतं आणि त्या माणसाचा चौकोन हिरवा होतो. बाहेर पडताना लावला की राखाडी. एकही चौकोन हिरवा असेल तर भट्टी पेटवायची नाही.

टीव्हीवरचं ते वेबपान सांभाळायचं काम रुचिताकडे नवीनच आलं होतं. तिचा धाकटा भाऊ प्रशिक तिथेच इलेक्ट्रिशियन. त्याचा जीव त्या चौकोनांवर अवलंबून, म्हणून तिने सकाळी घरी बसून पानाची फाइल मन लावून साफ केली. अक्षरांमधल्या जास्तीच्या मोकळ्या जागा काढून टाकल्या.

दुपारी सुपरवायझर इंद्रजीतचा फोन आला.

"मॅडम, क्या कर दिया आपने? भट्टी अटकली माझी. आत्ताच्या आत्ता या."

ती पोचली. टीव्हीवर सगळे चौकोन राखाडी होते.

एक सोडून.

7a.

"आत कोण आहे?" तिने विचारलं.

"कोणीच नाही ताई," प्रशिक म्हणाला. "मी आत्ताच पूरा शेड पाहून आलो."

"आधी होतं तसं करा," इंद्रजीत म्हणाला. "पूछताछ बाद में."

रुचिताने लॅपटॉपवर फाइल उघडली. 7a आजवर दिसत नव्हता, कारण कोणीतरी तो लपवून ठेवला होता. त्यासाठी एकच ओळ होती. सुरुवातीला नाव असं लिहिलेलं...

#\37 a

CSS मध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, नाव आकड्याने सुरू होत असेल तर जसंच्या तसं लिहून चालत नाही. आधी उलटी तिरपी रेघ द्यायची, मग त्या आकड्याचा संकेत. सातचा संकेत 37. मग एक मोकळी जागा. ती नावात धरली जात नाही. संकेत इथे संपला, एवढंच ती सांगते.

तीच जागा रुचिताने जास्तीची समजून काढली होती. 37 आणि a चिकटले आणि संकेतच बदलला. नियम आता भलतंच अक्षर शोधत होता, आणि सात-ए उघडा पडला होता.

चूक कळली. पण एक गोष्ट कळेना. माणूस नोकरीवर नसेल तर त्याचा चौकोन काढून टाकतात.

लपवून कशाला ठेवायचा?

"सात-ए कोण?"

फाटकावरच्या केबिनमध्ये पाणी भरायला आलेल्या प्रेमलाबाईने कॅन खाली ठेवला.

"देवीदास."

"प्रेमला, अपना काम कर," इंद्रजीत म्हणाला.

"कामच करून राहिली मी." ती रुचिताकडे वळली. "धुराड्यात सफाईले गेला होता तो, बाई. बोर्डावर हिरवाच होता. हे साहेब म्हणे, बोर्ड बिघडला. मग हिरवा गेला... बाहेरून दार लावलं अन भट्टी लागली."

रुचिताने नोंदी पाहिल्या. सात-ए आत गेल्याची नोंद होती. बाहेर आल्याची नव्हती.

इंद्रजीतने प्रशिकच्या खांद्यावर हात ठेवला. जड हात.

"भाई की नौकरी प्यारी है ना, मॅडम? टाका ती जागा."

तिने टाकली.

सात-ए गेला. बोर्ड राखाडी झाला.

केबिनमधला कूलर फिरत होता, पण त्याचा आवाज येईनासा झाला...

टीं.

शेडच्या दारातलं यंत्र वाजलं. दारात कोणी नव्हतं.

टीव्हीवर एक चौकोन हिरवा झाला.

प्रशिकचा.

प्रशिक तिच्या शेजारी उभा होता. बिल्ला गळ्यात.

"ताई... मी तं इथं आहो."

तिने ती जागा काढली. टीं. सात-ए हिरवा, प्रशिक राखाडी.

एका वेळेवरून काही ठरवायचं नाही, ही तिची सवय. तिने जागा पुन्हा टाकली.

टीं.

प्रशिक.

"दोन्ही लपवा," इंद्रजीत म्हणाला. त्याचा आवाज जराही हलला नव्हता.

"ह्याचं नाव मी लपवणार नाही."

"मत छुपाओ. अभिनव कर देगा. तुमच्या आधी हे पान तोच पाहत होता."

तो फोन लावू लागला. रुचिताने जागा काढली, लॅपटॉप मिटला आणि प्रशिकचं मनगट धरलं.

"काहून ओढून राहिली? नोकरी जाईल ना माझी."

"जाऊ दे."

ती दोघं रस्त्याला लागली, तोच मागे भट्टीचा पंखा घरघरला.

म्हणजे अभिनवने दोन्ही चौकोन लपवले होते. बोर्ड राखाडी झाला होता, भट्टी पेटली होती.

प्रशिक थांबला. चेहरा लालबुंद.

"ताई, लय गरम होऊन राहिलं."

उन्हाने असेल, असं तिला वाटलं. तिने त्याच्या गळ्यातला बिल्ला धरला...

बोटांची सालटी निघाली.

तिने दोरी तोडून बिल्ला गटारात फेकला. पाण्यातून वाफ आली. प्रशिकच्या छातीवर बिल्ल्याएवढा चौकोन भाजून उठला होता.

प्रशिकने नोकरी सोडली. आता तो समता कॉलोनीत मोटार वाइंडिंगच्या दुकानात बसतो. रुचिताने कारखान्याच्या मालकाला सगळं लिहून कळवलं. उत्तर आलं नाही.

प्रशिक तसा बरा आहे. पण एखाद्या दिवशी, पंख्याखाली बसल्या बसल्या, तो घामाने निथळू लागतो. केसांना जळका वास येतो. अशा दिवशी रुचिता प्रेमलाबाईला फोन करते. भट्टी पेटली का, एवढंच विचारते.

"हव," प्रेमलाबाई म्हणते. दर वेळी.

मागच्या रविवारी भाऊ-बहीण घराच्या ओट्यावर बसले होते. समोर रस्ता. वर मोकळं आभाळ.

प्रशिकने हात पुढे केला. हवेतच काहीतरी चाचपलं. ढकलून पाहिलं.

मग हळूच विचारलं,

"ताई... दार बाहेरून कोणी लावलं?"