पोटखराब माळ

शहाण्णव सालच्या माघात भिगवणच्या माळावर जयवंताच्या शेळीनं सरकारी नकाशाचा कोपरा खाल्ला, आणि सगळं तिथूनच सुरू झालं.

"अहो, धरा की तिला! नव्या रस्त्याचा नकाशा हाय तो!" मोजणीला आलेला समाधान धावत ओरडला.

"मग भुईवर कशाला पसरलाय? तिला वाटलं, पंगत हाय."

जयवंता बारामतीत भूगोल घेऊन बी.ए. झालेली, आता इथं आत्याच्या शेळ्या राखायची. तिनं उरलेला कागद ओढून घेतला आणि तिचं हसू मावळलं. लाल रेघ थेट कुरणातून गेली होती.

"हितनं रस्ता?"

"सातबाऱ्यावर ही जमीन पोटखराब आहे, लागवडीला निरुपयोगी."

"कुणाचं पोट खराब? सहा वाड्यांची मेंढरं हितं पोट भरत्यात. चिंकाऱ्यांचा कळप हाय. कुरण फुटलं तर ती जाणार कुठं?"

समाधाननं कुरणाकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "सोमवारी रेघ पक्की होणार. तोवर... दाखवाल मला?"

चार दिवस दोघांनी माळ तुडवला. दाट गवत कुठं, हरणं पाण्याला कुठून उतरतात — ती बोट दाखवी, तो टिपून घेई. चालताना त्याची सावली तिच्या सावलीवर पडली की ती बाजूला सरके... पण फार नाही.

रविवारी शाळेच्या खिडकीच्या काचेवर त्यांनी पारदर्शक कागद एकावर एक धरले. एकावर जमिनीचे गट, दुसऱ्यावर रस्ता, तिसऱ्यावर जयवंतानं हिरव्या शाईनं भरलेलं कुरण. मागून ऊन आलं आणि लाल रेघेनं हिरव्याचे दोन तुकडे झालेले लख्ख दिसले.

"कालव्याकडंची जुनी गाडीवाट बघा," ती म्हणाली.

त्यानं रेघ सरकवली. "पाऊण किलोमीटर वाढतंय."

"वाढू द्या. चार दिवस माझ्यामागं फिरलातच की!"

समाधानचे कान लाल झाले.

सोमवारी समाधानचे साहेब शाळेत आले. त्यांनी तिन्ही कागद स्वतः काचेवर धरले. जयवंताची मूठ पदरात घट्ट वळलेली. मग साहेबांनी खिशातलं पेन काढलं, लाल रेघेवर काट मारली आणि कालव्याच्या कडेनं नवी ओढली.

बाहेर मेंढपाळांनी टोप्या उडवल्या. आत्या छबूबाईनं साहेबांच्याच हातावर गूळ ठेवला.

गर्दी पांगली तरी समाधान कागदांची गुंडाळी करतच होता, उलगडत होता, पुन्हा करत होता.

"जयवंता... एक नोंद राहिलीय. माझ्या सातबाऱ्यावर — इतर हक्कात — तुमचं नाव लावावं म्हणतो."

तिनं मान वर केली. डोळे हसत होते.

"इतर हक्कात? न्हाय जमायचं. मालकाच्या रकान्यात लावा."

"व्हय," दारातून छबूबाई म्हणाली, "आन नाव चढवायच्या फेरफाराची नोटीस आधी मला द्या!"

समाधान हात जोडायला वाकला, तशी गुंडाळी हातातून सुटली. शेळी तयारच होती. पण या वेळी नकाशा जयवंतानं झेलला.