पॉलिश सुकू दे

मुलुंडला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा तळमजल्याचा गाळा आहे. जुन्या गाड्यांचं आतलं लाकूडकाम आम्ही करतो. आम्ही म्हणजे मी आणि धाकूमामा. मामा माझे सख्खे कोणी नव्हेत. सावंतवाडीकडचे, सत्तरीचे, उजव्या करंगळीचं टोक तरुणपणी करवतीने गेलेलं. हे काम मला त्यांनीच शिकवलं.

एप्रिलमध्ये सांताक्रूझच्या केयूरभाईंची जग्वार आली. १९६२ची मार्क टू, गडद हिरवी, त्यांच्या आजोबांनी घेतलेली. हल्लीच्या गाड्यांना मी नाकं मुरडते, पण हिच्यापुढे माझी बोलती बंद झाली. लाल चामड्याच्या सीटा, अक्रोडाचा अख्खा डॅशबोर्ड, दार लावलं की एकच जाडसर आवाज. आणि पुढच्या दोन्ही सीटांच्या पाठीला अक्रोडाचीच घडीची टेबलं, मागे बसणाऱ्यांनी चहाचा कप ठेवावा म्हणून.

"बसणाऱ्याचो मान राखलो हा बघ," मामा म्हणाले, आणि ती टेबलं त्यांनी स्वतःकडे घेतली.

लाखेचं पॉलिश ओलं असताना त्यावर पाणी पडलं की पांढरा डाग उठतो. मग सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मामांचा नियम होता, पॉलिश सुकेपर्यंत गाडीत पाणी न्यायचं नाही. पहिल्या वर्षी मी बाटली घेऊन एका गाडीत शिरले होते, तर दिवसभर माझी खरडपट्टी चालली होती.

मेमधली दुपार. मामा मागे डाव्या सीटवर बसून समोरच्या टेबलावर शेवटचा हात मारत होते. मी त्यांच्या दाराशी उभी राहून केयूरभाईंना व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवत होते.

"जान्हवी, वायच पाणी दी गो," मामा म्हणाले.

"पॉलिश सुकू दे मामा, मग देते."

केयूरभाई हसले. मामाही हसले, असं मला वाटलं. माठ दहा पावलांवर होता. कॉल आणखी आठ मिनिटं चालला, फोनमध्ये अजून दिसतं. नंतर मी आत वाकले तेव्हा मामांची मान सीटला टेकली होती आणि उजव्या हाताची बोटं ओल्या पॉलिशमध्ये रुतली होती. हार्ट अटॅक, डॉक्टर म्हणाले.

"शेवटाक काय बोलले?" रुक्मिणीमामींनी विचारलं.

"काहीच नाही मामी. कळलंसुद्धा नाही त्यांना."

इतकं सहज खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

तेरावं झाल्यावर गाळा उघडला. डावं टेबल चिकट होतं. लाखेला हात लावण्याइतकं सुकायला तास पुरतो, इथे दोन आठवडे होऊन गेले होते. हवा दमट असेल, पॉलिशच्या बोळ्याला तेल जास्त लागलं असेल, मी म्हटलं. उजवं टेबल त्याच दिवशी, त्याच बाटलीतून केलेलं. ते आरशासारखं कडक होतं.

डावं टेबल कोऱ्या लाकडापर्यंत खरवडलं. नवी लाख स्पिरिटमध्ये भिजवली, हात मारले, काचा वर करून गाडीला कुलूप लावलं. सकाळी पॉलिश ओलं होतं. त्यात चार ठसे होते. तीन पूर्ण, एक अर्धा.

पुन्हा खरवडलं. या वेळी किल्ली उशाशी घेऊन झोपले.

पुन्हा तेच.

गाडी रविवारी द्यायची होती, प्रदर्शनात जाणार होती. पण खरं सांगते, मला केयूरभाईंची भीती वाटत नव्हती. मामी पुन्हा विचारतील, याची वाटत होती.

शनिवारी सकाळी मामी आल्याच. त्यांना मामांचं शेवटचं काम बघायचं होतं. डाव्या सीटवर बसल्या, चामड्यावरून हात फिरवला. मग टेबलाला हात लावला आणि बोटं डोळ्यांसमोर धरली.

"ह्या अजून सुकला नाय?"

मी फडकं पुढे केलं.

"जान्हवी, माका खरा सांग. शेवटाक काय बोलले?"

मग मात्र मला राहवलं नाही. पाणी, फोन, आठ मिनिटं, सगळं सांगितलं. रडले नाही. रडायचा हक्क माझा नव्हता. मामींनी लाख लागलेली बोटं पदराला पुसली.

"पाणी घेवन ये," त्या म्हणाल्या.

माठातून स्टीलचा पेला काठोकाठ भरून आणला. मामींनी पेला त्या ओल्या टेबलावर ठेवला, खाली उतरल्या आणि दार लावलं. तोच जाडसर आवाज.

"उद्यापर्यंत उघडू नको." माझ्याकडे न बघता त्या निघून गेल्या. मी गाडीला कुलूप लावलं.

रविवारी नऊला शटर वर केलं. गाडीला कुलूप तसंच होतं, काचा बंद. बाहेरूनच दिसलं, डावं टेबल लखलखत होतं. दार उघडून नख लावून पाहिलं. कडक. ठसे नाहीत, पाण्याचा डाग नाही.

पेलाही नव्हता.

मला केवढं हलकं वाटलं! मामा प्यायले, मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. केयूरभाईंना निरोप धाडला, गाडी तयार आहे, न्यायला या.

दार लावायला मागे सरले, तर टाचेला काहीतरी गार लागलं.

पेला जमिनीवर होता. त्या दिवशी मी फोन धरून जिथे उभी होते, बरोबर तिथे. काठोकाठ भरलेला, थेंबही सांडला नव्हता.

मी खाली बसले. पेल्यावर लाखेचे ठसे होते. तीन पूर्ण, एक अर्धा.

बोट लावून पाहिलं. ओले होते.