एकतीस तारखेची गाडी

रोसाल्बाने पाहुण्यांच्या सहलीचा कागद तयार केला होता. एकतीस ऑक्टोबर : पहाटे तळ्याकाठची माकडं, दुपारी माया लोकांची पडकी देवळं, संध्याकाळी समुद्र. व्हॅन चालवणाऱ्या एउसेबिओने, ज्याला सगळे मामा म्हणत, तारखेवर काट मारली.

"त्या दिवशी आपली गाडी निघत नाही."

"का? म्हातारे झालात म्हणून?" कॉलेज सोडून ती कोबा गावात मामाच्या गाडीवर कामाला आली होती. तिची जीभ कुणाला भीत नसे.

मामाने व्हॅनच्या पायरीवर बैठक मारली. अंधार पडला होता. एवढ्या उकाड्यात त्याच्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद होत्या.

"माझ्या ओळखीचा एक ड्रायव्हर होता," तो म्हणाला. "वेनान्सिओ. हीच सहल चालवायचा. त्याची पोर, नेली, आठ वर्षांची. तिला सहलीचा हा क्रम तोंडपाठ. आपण कधी जायचं, विचारायची. तो म्हणायचा, सीझन संपला की."

"समुद्र इथून पंचेचाळीस किलोमीटर."

"पोरीने बघितला नव्हता."

"नालायक बाप."

"होताच. ऑगस्टात डेंग्यूने पोर गेली."

एकतीसच्या रात्री मेलेली लेकरं घरी जेवायला येतात, हे रोसाल्बाला कुणी सांगायला नको होतं. परत जाताना त्यांनी कुणाला सोबत नेऊ नये म्हणून जिवंत लेकरांच्या मनगटाला लाल दोरा बांधतात. लहानपणी तिलाही बांधायचे. मोठ्यांना कुणी बांधत नाही.

"बायकोने ताट मांडलं. चॉकलेट, रताळं, पोरीची बाहुली. मेणबत्ती बापाने लावायची होती. त्याने त्याच दिवशी पाहुणे घेतले."

"पळाला म्हणा."

"पळाला. रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी पाहुण्यांना समुद्रकाठी तुलुमच्या हॉटेलात सोडून तो निघाला. गाडी रिकामी. दोन्हीकडे जंगल. आणि मागच्या सीटवरून आवाज आला... माकडं झाली."

मामाने नकळत बाहीचं बटण सोडलं.

"त्याने आरशात बघितलं नाही. थोड्या वेळाने... देवळं झाली."

"मग?"

"मग... सीझन संपला का, बाबा?"

रोसाल्बाने हातातला कागद पायरीवर ठेवला.

"त्याने गाडी वळवली. किनाऱ्यावर आला. मागचं दार सरकवलं. वाट बघितली. हातात हात आला. गार. एवढासा. दोघं चालत गेले. पाणी घोट्याला. गुडघ्याला. कमरेला. तो थांबला नाही. त्याला थांबायचंच नव्हतं. म्हणाला, मला घेऊन चल, नेली..."

"ती काय म्हणाली?"

"काही नाही. मनगटाला काहीतरी आवळलं. मग हात सुटला."

रोसाल्बाने स्वतःचं मनगट चोळलं.

"उजाडताना कोळ्यांना तो वाळूत बसलेला सापडला. घरी ताट तसंच होतं. चॉकलेटवर साय धरलेली."

"आणि मनगटाला?"

मामा उठला. दिवा लावायला त्याने हात वर केला, तशी बाही खाली घसरली. रोसाल्बाने पाहिलं. लाल रंग उडालेला दोरा. एकावर एक तीन गाठी, वेड्यावाकड्या, नुकतंच गाठ मारायला शिकलेल्या हाताच्या.

तिने कागद ओढला आणि एकतीस तारीख पूर्ण खोडली.