न छेडलेला गंधार

हाशिम शिकलगारांनी तंबोऱ्याच्या घोडीवर, तारांखालचा जवारीचा दोरा किंचित सरकवला आणि चारही तारा सावकाश छेडल्या. त्यांच्या उजव्या कानामागे बटणाएवढा 'पडताळा' चिकटवलेला होता. मिरजेच्या त्या गल्लीत आता त्याकडे कुणी वळूनही पाहत नसे. चष्म्याकडे कोण पाहतं?

पडताळ्याचं काम सोपं. मेंदूत उमटलेला आवाज आणि हवेतला आवाज तो जुळवून पाहतो. मेंदू ऐकतोय पण हवेत काहीच नाही, असं दिसलं की तीनदा थरथरतो.

चार महिन्यांपूर्वी हाशिमभाईंचे वडील अपघातात अचानक गेले. पाच दिवस डोळ्याला डोळा लागला नाही आणि मग त्यांच्या कारखान्यात टांगलेल्या तंबोऱ्यांच्या भोपळ्यांतून वडिलांचा आवाज येऊ लागला. मी आत अडकलोय, फोड, म्हणून तो विनवायचा. हाशिमभाईंनी नऊ तयार तंबोरे फोडले. डॉक्टर ऋजुता अंकलीकरांनी त्याला नाव दिलं, अल्पकालीन मनोविकृती. मोठ्या धक्क्यानंतर ती भल्याभल्यांना गाठते, महिन्याच्या आत ओसरते आणि वेळेवर उपचार झाले तर बहुतेक माणसं पूर्वीसारखी होतात. रुग्णालय, गोळ्या, पुरेशी झोप, रोजचं बोलणं. विसाव्या दिवशी आवाज थांबला. पुन्हा आलाच तर लगेच कळावं, म्हणून पडताळा.

डोकं ताळ्यावर आलं, पण स्वतःच्या कानांवरचा विश्वास काही परतला नाही. आणि जवारी, म्हणजे तारेचा तो भरीव गुंजारव, तर कानानंच लागते. ती जमली नाही, तर चार पिढ्यांचं तंबोरे घडवायचं काम हाशिमभाईंपाशीच थांबणार होतं.

आज, चार महिन्यांत पहिल्यांदा, तारा घुमू लागल्या आणि त्यांतून कुणीही न छेडलेला गंधार वर आला. जवारी साधली की खर्जाच्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या सुराच्या, तारेतून तो आपसूक उमटतो. सगळा खटाटोप त्याच्यासाठीच असतो. हाशिमभाईंचे डोळे भरून आले. तेवढ्यात पडताळा तीनदा थरथरला.

त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. "सुबराव, गंधार आला का हो?"

तीस वर्षं तिथं भोपळे कोरणारे सुबराव म्हणाले, "आला की! झकास आला."

"तवाबी तुम्ही असंच म्हणला हुता. अब्बांचा आवाज मलाबी येतोय म्हणून."

सुबरावांची मान खाली गेली. "तुमचे हाल बघवंनात, मालक. वाटलं, व्हय म्हटलं तर तुमच्या जिवाला जरा बरं वाटंल."

हाशिमभाईंनी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पडताळ्याची नोंद तिथूनच उघडली आणि तंबोरा पुन्हा छेडायला सांगितला. मग फोनवर ऐकू आलेला सूर त्यांनी नोंदीतल्या हवेतल्या आवाजाशी ताडून पाहिला.

"तुम्ही बरे आहात," त्या म्हणाल्या. "सूर हवेतच आहे. हे यंत्र शिकलंय माणसांच्या आवाजावर. खर्जाच्या पोटातला गंधार त्याला वेगळा ओळखता येत नाही. चूक त्याची आहे, तुमची नाही."

मग त्यांनी सुबरावांना फोनवर बोलावलं. "पुढं कधी तसं झालंच, तर हो म्हणू नका आणि वादही घालू नका. 'मला ऐकू येत नाही, पण तुम्ही घाबरलाय ते दिसतंय,' एवढंच म्हणा आणि मला कळवा. यांची झोप उडाली, तरी कळवा."

गोळ्या मी सांगेपर्यंत चालू ठेवा, पडताळ्याचं मात्र तुम्हीच ठरवा, असं हाशिमभाईंना सांगून त्यांनी फोन ठेवला.

हाशिमभाईंनी पडताळा काढून फळीवर ठेवला. हलकंही वाटलं आणि भीतीही वाटली.

"सुबराव, आता ह्याच्या जागी तुम्ही," ते म्हणाले. "नसलेलं ऐकू आलं, तर तोंडावर न्हाई म्हणशीला?"

"म्हणीन की, मालक," सुबराव चाचरत म्हणाले. "पर त्या टायमाला तुम्ही माझं खरं मानशीला का?"