जोडीतला दुसरा घडा

नसीफचं पत्र येऊन एकतीस वर्षं झाली. मी त्याला उत्तर दिलं नाही.

पुढे लिहितोय ते माझ्याच बाबतीत घडलं आहे. वय झालंय, माझ्या आठवणींवर माझाच फारसा भरवसा नाही. पण एवढं चुकणार नाही... १९७३, सप्टेंबरचा शेवट, सरफंद गावाचा समुद्रकिनारा आणि भर दुपार.

तिथे आम्ही फिनिशियन लोकांचं गाडलं गेलेलं शहर खणत होतो. एका खड्ड्यावर नसीफ, शेजारच्या खड्ड्यावर मी. मध्ये नियमाप्रमाणे न खणता राखलेली मातीची भिंत.

नसीफच्या खड्ड्यात रोज काहीतरी निघायचं. माझ्या खड्ड्यात वाळू.

"जुर्जी, तुझ्याकडे निदान सावली तरी आहे," तो वरून म्हणायचा. "जेवायला तिकडेच येतो."

मग झातरचा मसाला लावलेली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवायचा. त्या अर्ध्या भाकरीचा मला फार राग यायचा.

एका सकाळी त्याला राखेनं भरलेला घडा सापडला. त्या लोकांची रीतच होती... जाळलेल्या माणसाची राख एका घड्यात, हाडं दुसऱ्यात, आणि दोन्ही घडे शेजारी पुरायचे. नसीफला दुसरा काही मिळेना.

दुपारी मधली भिंत माझ्या बाजूला ढासळली.

आत घडा होता. हाडांचा.

मुकादम अबू यासीन हळूच म्हणाले, "उस्ताद, ही नसीफ उस्तादांच्या घड्याचीच जोडी."

"तुम्ही खणायचं बघा," मी म्हणालो. आणि घड्याच्या चिठ्ठीवर माझ्या खड्ड्याचा नंबर घातला. जागा दोन मीटर अलीकडची लिहिली. झालं वेगळं दफन. माझ्या नावावर.

घडे लिंबांच्या जुन्या वखारीत ठेवायचो. किल्ल्या दोनच, एक नसीफकडे, एक माझ्याकडे. दुपारी सगळे झोपले की मी तिथे हाडांची चित्रं काढत बसायचो.

पहिल्या दिवशी एकशे बारा तुकडे भरले. दुसऱ्या दिवशी... एकशे चार.

मी तीनदा मोजले.

तेवढ्यात मागच्या फळीवरून आवाज आला... खापरावरून नख फिरावं तसा.

वळून पाहिलं. कुणी नव्हतं. फळीवर नसीफचा घडा होता. आत राखेवर आठ तुकडे. स्वच्छ पुसलेले. ओळीत लावलेले.

तिथून पळायला हवं होतं. पण मला काय वाटलं ते लिहायची लाज वाटते...

इथेही त्यालाच?

मी आठही उचलून माझ्या घड्यात टाकले.

तिसऱ्या दिवशी वीस गेले. तेही परत आणले. चौथ्या दिवशी कुलूप उघडून आत गेलो, तर माझा घडा रिकामा.

नसीफच्या घड्यात हात घातला... हाडं कोमट होती.

आणि आत कुणीतरी माझी बोटं हळूच बाजूला सारली.

पुन्हा हात घालायची हिंमत झाली नाही.

त्याच दिवशी उत्खननाच्या प्रमुखांनी घडे तपासले. नसीफनं माझ्या घड्यातली हाडं चोरून आपल्या घड्यात भरली, असं ठरलं. मला विचारलं तेव्हा मी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी त्याला काढून टाकलं. तो पुन्हा कधीच कुठे खणू शकला नाही.

पुढे कित्येक वर्षांनी माँट्रियालहून त्याचं पत्र आलं. "जुर्जी, माझ्या घड्याची जोडी लागावी म्हणून तूच हाडं आणून ठेवत होतास ना? तेव्हा बोलायची तुझी छाती झाली नाही. राग नाही. फक्त हो की नाही, एवढं कळव."

एकतीस वर्षं मला 'हो' लिहायचं होतं.

काल लिहिलं. 'नाही. घडा तुझाच होता, चिठ्ठी मी खोटी लिहिली. हाडं मी तुझ्याकडून काढून नेत होतो. तुझ्याकडे कोण आणत होतं... मला माहीत नाही.'

आज सकाळी पोस्टात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी शिक्का मारायला हात पुढे केला, पण मला पाकीट सोडवेना. मनात आलं, तो हे वाचेल आणि मला माफही करेल. तेही त्यालाच जमेल.

बाई म्हणाल्या, "काका, द्यायचंय की नाही?"

दिलं.